मुंग्या लागलेलं कार्ड

मेरगू मालकांनी ऑफिसचं दार लावून घेतलं, खिडकीचा पडदाही ओढला. खाली कारखान्यात माग बंद होते, त्यामुळं साधं बोललेलंही पलीकडे ऐकू गेलं असतं. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हत्तुरे, कार्ड बदलायचं ते बदला. पण आधी मला सांगा, हे आपोआप बिघडलंय का कुणी बिघडवलंय?"

"मालक, मी अजून काँप्युटरची पेटी उघडलीच नाही की."

"उघडाल तेव्हा बघा. आणि काय दिसेल ते मला एकट्याला सांगा. त्याच्यासमोर नको."

"कुणाच्या समोर?"

त्यांनी हनुवटीनंच पडद्याकडे खूण केली. पडद्यापलीकडं डिझाइनची खोली होती आणि तिथं राजलिंगअण्णा बसले होते.

मी जात्याच संशयी माणूस. आमची ही म्हणते, दुधावर साय धरली तरी तुम्ही विचाराल, कुणी धरली म्हणून. म्हणू दे. काँप्युटर दुरुस्तीच्या धंद्यात याच्यावाचून चालत नाही. गिऱ्हाईक डोळ्यांत डोळे घालून सांगतं, "मी काही केलं नाही बघा, आपोआप बंद पडलं." आपोआप काही होत नसतं. कुणाचा तरी हात लागलेला असतोय. पण माझं एक आहे. संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, अर्ध्यात सोडू नये. अर्धा संशय फार वाईट.

सोलापुरात अक्कलकोट रोडला मेरगूंचा चादरींचा कारखाना होता. वर मालकांचं घर, खाली माग, मध्ये माडीवर ऑफिस. चादरीवरची नक्षी एका जुन्या काँप्युटरवर काढायची आणि ती वायरीतून खालच्या मागांकडं पाठवायची. ही वायर काँप्युटरच्या पोटात एका हिरव्या पट्टीत खोचलेली असते. तेच नेटवर्क कार्ड. कार्ड गेलं की वायर मुकी, आणि वायर मुकी झाली की माग बंद. काँप्युटर इतका जुना की त्याचा पांढरा रंग पिवळा पडलेला. तो बदलावा तर नक्षीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नव्हता, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती.

"ऐका," मालक म्हणाले. "मी दसऱ्याला हैदराबादला होतो. मोठ्या हॉटेलची ऑर्डर पक्की करायला. जाताना बजावून गेलो होतो, यंदा खंडेनवमीला सुट्टी नाही, माग चालवा. आणि नेमकं खंडेनवमीला सकाळी हे बंद! वॉचमननं बघितलंय, राजलिंग त्या दिवशी फडक्यात काहीतरी गुंडाळून खोलीतून बाहेर पडला."

"काय होतं फडक्यात?"

"तेच तर! समोरच्या कारखान्यानं त्याला दोनदा बोलावलंय, मला ठाऊक आहे. माझं डिझाइन तिकडं गेलं, दुसरं काय? तुम्ही नुसतं सांगा की मुद्दाम केलंय. आजच्या आज घालवतो."

"मालक, तुमच्या वडिलांपासूनचा माणूस आहे तो."

"म्हणून तर जास्त लागतंय ना!" मालकांचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. "आणि रविवारी त्याच्या श्रीलताचा साखरपुडा. भिवंडीचं स्थळ, आमच्याच नात्यातलं, मी माझ्या शब्दावर जमवलेलं. सुपारी फोडायचा मान माझा आहे. आता चोराच्या पोरीची सुपारी फोडू का मी?"

मी हत्यारांची पिशवी उचलली. पोरीच्या साखरपुड्याचं वाईट वाटलंच. पण आत जाताना माझ्याही डोक्यात ते फडकं घुसलं होतं, खोटं कशाला बोलू?

राजलिंगअण्णा उठून उभे राहिले. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्म्याला मागून दोरी. नेहमी गेल्या गेल्या "या हत्तुरे, चहा सांगू का?" म्हणणारा माणूस. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि खुर्ची पुढं केली.

मी पेटीचं झाकण काढलं. चादरीच्या कारखान्यातला काँप्युटर म्हणजे आत गादीच असते. सगळीकडं कापसाचं तूस. पंख्यावर तूस, वायरींवर तूस. पण नेटवर्क कार्ड मात्र लख्ख. इतक्या वर्षांची धूळ तेवढ्या एका पट्टीवर नाही! तिच्या स्क्रूवर पेचकसाचे ताजे ओरखडे.

"अण्णा, ही पेटी कुणी उघडली होती?"

"मी."

"कशाला?"

"पुसायला."

"सगळं तूस ठेवून एकच पट्टी पुसली?"

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मला वाटलं, मालक म्हणतात त्यात काहीतरी आहे बे.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नाव बघून ते चटकन खोलीबाहेर गेले, जिना उतरून आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो. आधी बराच वेळ नुसते ऐकत होते. मग हळूहळू काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावरही तसेच उभे, एक हात लिंबाच्या बुंध्यावर. पुन्हा कुणाला तरी फोन लावला, दोन शब्द बोलले आणि वर आले. आल्या आल्या माठातलं पाणी प्यायले. चेहरा उतरलेला.

"कुणाचा हो फोन?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरचाच समजा," ते म्हणाले.

समजा म्हणे! समोरच्या कारखान्याचा असणार, असं मी मनात लिहून टाकलं.

जुनं कार्ड काढून पुन्हा बसवून पाहिलं. काँप्युटर त्याला ओळख देईना. तिथं कार्डच नाही असं म्हणायला लागला. ठीक आहे, मेलं असेल. ते काढून वर्तमानपत्रावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्याच जागी नवं कार्ड बसवलं. तेही दिसेना. आता आली का पंचाईत! नवंकोरं कार्ड, सकाळी दुकानात तपासून आणलेलं. मग शेजारच्या खाचेत बसवलं, तेव्हा दिसलं. म्हणजे जुनं ज्या खाचेत होतं, त्या खाचेतही काहीतरी गडबड होती. तेही मी मनात टिपून ठेवलं.

सीडी घालून नव्या कार्डाचं सगळं आत भरलं, वायर खोचली आणि पेटीच्या पाठीमागचा हिरवा दिवा लागला. मालक दारात येऊन उभेच होते.

"झालं?"

"वायर तर बोलायला लागली. आता डिझाइन पाठवून बघू."

अण्णांनी प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एक चौकोन आला. त्यात लिहिलेलं, 'हा काँप्युटर अधिकृत नाही.' आणि प्रोग्रॅम आपला आपण बंद. अण्णांनी पुन्हा उघडला, पुन्हा तेच.

"बघा!" मालक कडाडले. "मी म्हटलं नव्हतं? कुलूप घातलंय यानं! माझ्याच घरात मला कुलूप!"

"मालक, हे मी नाही केलं," अण्णा म्हणाले.

"हे नाही केलंस, मग काय केलंस ते सांग की!"

आजवर त्या कारखान्यात मालकांनी त्यांना तोंडावर अरेतुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं. राजलिंगअण्णा आणि अहोजाहो, असंच चालायचं. अण्णांनी खाली मान घातली. पण ते "हे मी नाही केलं" माझ्याही कानाला टोचलंच. म्हणजे दुसरं काहीतरी केलंय.

"मालक, जरा दमानं घ्या," मी म्हणालो. "हे कुलूप यांचं नव्हे. जुन्या प्रोग्रॅमची खोड असते ही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला आपला एक नंबर असतोय. प्रोग्रॅम पहिल्या दिवशी तो नंबर बघून ठेवतो आणि त्यावरूनच काँप्युटर ओळखतो. वॉचमन कसा तोंड बघून आत सोडतो, तसं. आपण तोंडच बदललं. आता तो आत सोडंना."

"मग?"

"मग काय, जुनंच कार्ड जिवंत करायला पाहिजे. नाहीतर हा प्रोग्रॅम गेला, आणि आतली सगळी डिझाइनं गेली."

"कसं जिवंत होणार? मारलंय ना त्याला!" मालक तरातरा खिडकीशी गेले. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते खाचेत बसतात. त्या दातांवर तांबूस, चिकट डाग होते. मालकांनी ते माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघा. ॲसिड टाकलंय. आता तरी बोला, हत्तुरे! मुद्दाम केलंय का नाही?"

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी कार्ड हातात घेतलं आणि माझ्या बोटावर काहीतरी चाललं. मुंगी. एक, दोन, मग पुष्कळ. कट्ट्यावर बघितलं तर खिडकीच्या फटीतून वर्तमानपत्रापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली.

"मालक," मी म्हणालो, "ॲसिडला मुंग्या लागत नाहीत."

"काय?"

मी कार्ड नाकाशी नेलं. मग खरं सांगतो, जीभ लावली. गोड.

"अहो, काय चाटताय!"

"मध आहे, मालक. दूध पण असेल, जरा आंबूस लागतंय." कार्डाला मागं एक पत्र्याची पट्टी असते. तिच्या आड मला काहीतरी अडकलेलं दिसलं. पेचकसाच्या टोकानं ते बाहेर काढून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

मी स्वतः दर खंडेनवमीला माझे पेचकस पाटावर मांडतो. आमची ही त्यांना हळदकुंकू लावते, वर अक्षता टाकते, आणि पुढं महिनाभर माझ्या पेटीत तांदूळ सापडत राहतात. तो दाणा ओळखायला मला शिकवणी नको होती.

"अण्णा," मी हळूच विचारलं, "याला अभिषेक कुणी घातला?"

ते वळले. "कार्ड मी काढलं. मीच फडक्यात गुंडाळून नेलं. परत मीच बसवलं. त्याच्यापुढचं विचारू नका, हत्तुरे. मी शब्द दिलाय."

"शब्द!" मालक ओरडले. "कुणाला दिलायस शब्द? समोरच्याला ना?"

इथं दुसरा कुणी असता तर काम संपलं म्हणून पेटी आवळून निघाला असता. माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, काढलं म्हणून. पण मी सांगितलं ना, मला अर्धा संशय चालत नाही. चोर मध-दूध घालून पूजा कशाला करेल?

"मालक, तुमच्या घरी खंडेनवमीला पाटावर काय काय मांडलं होतं?"

"मला काय माहीत? मी हैदराबादला होतो की."

"मग पूजा कुणी केली?"

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला होता त्यांचा, पण स्वतःच्या घराचा जिना त्यात आला नव्हता. "अम्मा," ते पुटपुटले.

"नको मालक," अण्णा एकदम पुढं आले. "त्यांना यात ओढू नका. मी सोडतो नोकरी, पाहिजे तर."

पण मालक जिना चढायला लागलेही होते. मी मागोमाग, आणि माझ्यामागून अण्णा.

मालकांच्या आई देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसल्या होत्या. कारखान्यातली सगळी माणसं त्यांना अम्माच म्हणत. माझ्या हातातलं कार्ड बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई, हिरवी पट्टी! पुन्हा काढली का रे राजलिंग?"

मालक खालीच बसले. "अम्मा, ही पट्टी तुझ्याकडं होती?"

"होती की. पाटावर. मागाच्या धोट्याच्या शेजारी." आणि मग अम्मांनी पोराकडं रोखून बघितलं. "कळलंच का तुला? बरं झालं. तू सांगून गेलास, खंडेनवमीला माग चालवा. तुझ्या बापानं हयातीत त्या दिवशी धोटा हलू दिला नाही. माणसाला वर्षभर सुट्ट्या असतात, मागाला एकच दिवस असतो. तू ऐकणार आहेस का माझं? म्हणून मी राजलिंगला म्हटलं, ज्याच्यावाचून माग हलणार नाही असं काहीतरी मला काढून आणून दे, एका दिवसापुरतं. तो तयार नव्हता बरं का. मालक रागवतील, मालक रागवतील, एकच घोकणी. मी म्हटलं, तुझ्या मालकाला मी जन्म दिलाय."

"आणि मध?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच पाटावर बसली ना ती! पंचामृत नको का? हा ओरडत होता, अम्मा, पाणी नको, पाणी नको. मी म्हटलं, पाणी कुठंय रे, दूध आणि मध आहे."

मला हसू आवरेना, पण हसायची सोय नव्हती. अण्णा दाराला टेकून जमिनीकडं बघत होते.

"दुसऱ्या दिवशी परत लावली, तर चालेना म्हणाला. मीच त्याला शपथ घातली. म्हटलं, माझ्या जनार्दनला सांगायचं नाही. नाहीतर तो मला म्हणायचा, अम्मा, तू वर बस आणि वाती वळ, धंद्यात तुझं काय काम?" अम्मा आमच्या तोंडांकडं बघायला लागल्या. "का रे? काय झालं? सगळे असे का उभे आहात?"

शेवटी मालकच बोलले, "मी याला चोर म्हटलं, अम्मा."

अम्मांच्या हातातली वात खाली पडली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत देत. "चला खाली," एवढंच म्हणाल्या.

त्या डिझाइनच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या आणि मी कामाला लागलो. कार्ड स्पिरिटनं पुसलं. मग खोडरबर घेतलं, शाळेतल्या पोरांचं असतं तेच, आणि एकेक सोनेरी दात घासत गेलो. तांबूस मळ निघाला, खालचं सोनं चमकायला लागलं. खाचेतही मधाचा लेप बसला होता, म्हणून तर नवं कार्डही तिथं चालेना. आगपेटीच्या काडीला फडकं गुंडाळून ती साफ केली. नवं कार्ड काढलं, जुनं त्याच्या जागी बसवलं.

काँप्युटर सुरू व्हायला जीव खायचा. आम्ही चौघंही त्या पडद्याकडं बघत होतो, अम्मांनी तर हात जोडलेले. प्रोग्रॅम उघडला. चौकोन आला नाही. डिझाइनांची सगळी यादी समोर आली.

अण्णांनी हॉटेलवाल्यांचं डिझाइन निवडलं आणि खाली पाठवलं. थोड्या वेळानं खालून खडखड ऐकू आली. एक माग चालू झाला होता. मालकांनी सुस्कारा सोडला, पण अम्मा सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"जनार्दन, चोर म्हटलास ते याच खोलीत म्हटलास का बाहेर कुठं?"

मालकांनी खिशातला मोबाइल चाचपला. "सकाळी भिवंडीला फोन केला होता. बालय्यांना. म्हटलं, रविवारचं जरा थांबवा, माणसाबद्दल शंका आहे."

मुलाचे वडील ते. मी अण्णांकडं बघितलं. त्यांची नजर पडद्यावरच होती. मला वाटलं होतं, हे ऐकून ते कोसळतील. पण त्यांना नवं काही ऐकल्यासारखं वाटलंच नाही.

"लाव फोन," अम्मा म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

मालकांनी लावला. "बालय्या, मी जनार्दन. सकाळी मी जे बोललो ते सगळं चुकीचं होतं. माझ्याच घरातली गोष्ट होती आणि मी दुसऱ्याच्या माथी मारली. राजलिंगअण्णांचा काडीचा दोष नाही. तुम्ही रविवारी या. मी हात जोडतो."

मग बालय्या म्हणाले, "येतो की. तुमच्याच फोनची वाट बघत होतो. आज दुपारी मी राजलिंगरावांना फोन करून सरळ विचारलं होतं, मालक असं असं म्हणतात, खरं काय ते तुम्ही सांगा. काय म्हणाले माहीत आहे का? म्हणाले, मालक म्हणतात तर होऊ द्या चौकशी. मालक मुद्दाम खोटं बोलायचे नाहीत. त्यांनी या म्हटलं तरच या."

फोन बंद झाला. लिंबाखालचा तो फोन! मी त्याला समोरच्या कारखान्याचा ठरवून बसलो होतो. पोरीचं लग्न मोडायला निघालंय हे कळल्यावर हा माणूस जिना चढून वर आला होता, माठातलं पाणी प्यायला होता, आणि एका वाक्यात सुटता आलं असतं तरी अम्मांचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

अम्मा पदरानं डोळे पुसत होत्या. मालक अण्णांच्या खुर्चीजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, चुकलो मी. रविवारी सकाळीच येतो. सुपारी फोडायला वेळ नको व्हायला."

अण्णांनी माउस बाजूला ठेवला. आवाजात राग नव्हता, नेहमीचाच आवाज. "या की मालक. जरूर या. अम्मांना पण घेऊन या. तुमच्यासाठी पुढं खुर्च्या ठेवतो." मग म्हणाले, "सुपारीचं मात्र मी माझ्या मेव्हण्याला सांगितलंय."

"कधी सांगितलंत?"

"दुपारीच. बालय्यांचा फोन ठेवला आणि लगेच सांगितलं."

मालकांचा हात खांद्यावरून खाली आला. अण्णा पुन्हा पडद्याकडं वळले आणि त्यांनी पुढचं डिझाइन खाली पाठवलं. खाली दुसरा माग सुरू झाला, मग तिसरा. त्या खडखडाटात मालक काहीतरी बोलले, पण मला ते ऐकू आलं नाही, आणि अण्णांनाही आलं नसावं.